झेरमाटला हिवाळी हंगामात नोकरी करायची तर : अर्जापासून परतीच्या गाडीपर्यंत

स्वित्झर्लंडच्या डोंगरी गावांत डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हॉटेलं गच्च भरलेली असतात, आणि गावकऱ्यांच्या बळावर ती चालू शकत नाहीत. भांडी घासणारे, खोल्या आवरणारे, वाढपी, बारवाले, स्कीच्या दुकानातले, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरचे, सगळी माणसं बाहेरून येतात आणि बर्फ वितळला की निघून जातात. आपल्यातलेही अनेकजण आता या वाटेला लागले आहेत. मला विचाराल तर हंगाम कसा जाणार हे चार गोष्टींवर ठरतं : पासपोर्ट, करार, खोली आणि विमा. या चारही गोष्टी पहिला बर्फ पडायच्या आत पक्क्या करायच्या असतात, म्हणून या लेखात स्कीपेक्षा कागदांवर जास्त बोललो आहे. उदाहरण झेरमाट या स्कीच्या गावाचं घेतलं आहे, कारण काम, गर्दी आणि महागाई तिन्ही तिथं पुरेपूर बघायला मिळतात.

पासपोर्ट कुठला आहे?

निव्वळ भारतीय पासपोर्टवर स्वयंपाकघरातली मदतनीस, रूम अटेंडंट किंवा वेटरची हंगामी नोकरी स्वित्झर्लंडमध्ये मिळत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला काम देण्यासाठी कोटा असतो, तो उच्चशिक्षित आणि तज्ज्ञ लोकांसाठी राखलेला असतो. शिवाय ही जागा भरायला देशात किंवा युरोपात कुणी मिळालं नाही, हे मालकाला दाखवून द्यावं लागतं. भांडी घासायला माणूस मिळाला नाही, हे कुणी मान्य करत नाही. भारत आणि एफ्टा देशांचा (म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण त्यानंही हे दार उघडलेलं नाही. टुरिस्ट व्हिसावर 'एक दिवस काम करून दाखव' म्हणून केलेलं कामसुद्धा बेकायदाच धरलं जातं.

म्हणून मुंबईत, पंजाबात किंवा मडगावात बसलेला एजंट जर 'स्विस हॉटेलात हमखास नोकरी, एवढे लाख भरा' म्हणत असेल, तर तिथून सरळ उठून या. खरा मालक नोकरी द्यायला पैसे मागत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी दोन अरुंद वाटा आहेत. पहिली हॉटेल मॅनेजमेंटची. लोझान, मोंत्रो, क्रां-मोंताना, ब्रिग या भागांतल्या शाळांमध्ये शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून स्वित्झर्लंडमध्येच इंटर्नशिप करता येते. तिचा पगार महिन्याला दोन हजार फ्रँकच्या थोडा वर असतो, पण शिक्षणाची फी त्याच्या कितीतरी पट. हंगामाच्या हौसेपोटी हा मार्ग धरू नका, तोच पेशा करायचा असेल तर धरा. दुसरी वाट अनुभवी भारतीय स्वयंपाक्यांची. भारतीय जेवणाच्या खास रेस्टॉरंटसाठी परवाना निघतो, पण शिक्षण, बऱ्याच वर्षांचा अनुभव आणि रेस्टॉरंटची पात्रता, सगळं तपासलं जातं.

मोकळा रस्ता आहे तो युरोपीय पासपोर्टवाल्यांना, आणि इथं गोव्याचा संबंध येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांपैकी अनेकांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. त्यांना स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यात जून २००२ पासून लागू असलेल्या मुक्त संचार करारानं स्वित्झर्लंडमध्ये काम करण्याचा हक्क मिळतो. फक्त एक ध्यानात ठेवा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्यानंच संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, ओसीआय कार्ड काढायचं, हे घरच्यांशी नीट बोलून आधी उरका. झेरमाटमधून आईला भेटायला घाईनं यावं लागलं तर व्हिसाची शोधाशोध नको.

जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये वर्क परमिटवर राहणाऱ्या भारतीयाला हा हक्क नाही. तो पासपोर्टाचा आहे, रहिवासाचा नाही. ब्रिटिश पासपोर्टवाले २०२१ पासून कोट्याच्या रांगेत गेले आहेत. युरोपीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मात्र कुटुंब म्हणून येऊन काम करता येतं. पण त्यासाठी कुटुंबाला पुरेल असं घर दाखवावं लागतं आणि स्टाफ क्वार्टरमधली एक खोली त्यात बसत नाही.

गाव निवडताना

झेरमाट वालिस कॅंटनमध्ये (कॅंटन म्हणजे तिथलं राज्य), १,६०८ मीटर उंचीवर. पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायची आणि तिथून बारा मिनिटांची शटल ट्रेन पकडायची. वर थिओडुल हिमनदी असल्यामुळे बर्फाची हमी जवळजवळ पक्की आणि हंगाम लांब. आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही, की झेरमाट, टेश आणि खालच्या सांक्ट निक्लाउसमध्ये पोर्तुगीज कामगारांची मोठी, जुनी वस्ती आहे. स्वयंपाकघरात आणि हाउसकीपिंगमध्ये पोर्तुगीज सर्रास ऐकू येते. आजीकडून चार वाक्यं शिकला असाल तर ती इथं कामाला येतील.

फ्रेंच येत असेल तर त्याच कॅंटनमधलं वेर्बिए बघा, तिथं इंग्रजांची शॅले, म्हणजे लाकडी डोंगरी घरं, पुष्कळ. ग्राउब्युंडन कॅंटनमध्ये सेंट मॉरिट्झ श्रीमंतांचं, म्हणजे काम काटेकोर आणि टिप बरी. दावोसला जानेवारीत जागतिक आर्थिक परिषद भरते, त्या आठवड्यात झोप विसरायची. पहिल्याच वर्षी शांतपणे शिकायचं असेल तर सास-फे किंवा म्युरेनसारखं छोटं गाव बरं. गर्दी कमी, आणि चेहरे लवकर ओळखीचे होतात.

दोन हजार मीटरच्या खाली स्की-क्षेत्र असलेली छोटी ठिकाणं मी पहिल्या हंगामासाठी सुचवणार नाही. बर्फ पडला नाही की लिफ्ट बंद, लिफ्ट बंद की हॉटेल रिकामं, आणि मग तासांची काटछाट सुरू होते.

कधी आणि कुठं अर्ज करायचा

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जागा भरतात. गास्ट्रोजॉब आणि हॉटेलकरिअर या दोन संकेतस्थळांवर हॉटेलांच्या जागा येतात, युरोपीय संघाच्या युरेस पोर्टलवरही येतात. लिफ्ट कंपन्या आणि स्की भाड्यानं देणारी दुकानं आपापल्या पानावर जाहिरात देतात. नोव्हेंबर उलटला म्हणून निराश होऊ नका. नाताळानंतर दमून किंवा भांडून निघून गेलेल्यांच्या जागा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या होतात, आणि हॉटेलवाले तेव्हा अगदी घायकुतीला आलेले असतात.

अर्जासोबत फोटो आणि जुन्या मालकांची प्रमाणपत्रं जोडा. स्विस मालक ती खरोखर वाचतात. जर्मन किंवा फ्रेंच येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पाहुण्यांसमोर न जाणारी कामं मागा : भांडी, किचन मदतनीस, लॉन्ड्री, हाउसकीपिंग. वाढप्याला आणि रिसेप्शनला गावची भाषा लागतेच, आणि झेरमाटला ती जर्मन. गावात बोलतात ती वालिसची बोली पुस्तकी जर्मन शिकलेल्यालाही पहिले दोन-तीन आठवडे कळत नाही, त्यात तुमची चूक नसते. पाहुण्यांशी बोलताना मात्र प्रमाण जर्मन आणि इंग्रजी चालते.

करार वाचताना पाणी कुठं मुरतं ते बघा

इथं घाई करू नका. हॉटेल आणि रेस्टॉरंटसाठी स्वित्झर्लंडमध्ये देशव्यापी सामूहिक करार आहे, त्याला एल-गाव म्हणतात. तो सरकारनं सगळ्यांना बंधनकारक केला आहे, म्हणून तुमच्या हातातला कागद त्याच्यापेक्षा वाईट असूच शकत नाही. एल-गावनुसार प्रशिक्षण नसलेल्या प्रौढ कामगाराचा किमान पगार अलीकडे महिन्याला ३,७०० फ्रँकच्या आसपास आहे, आणि बहुतेक वर्षी थोडा वाढतो. वर तेरावा पगार, म्हणजे वर्षाला एक जादा पगार, असतो, तो जितके महिने काम केलं त्या प्रमाणात मिळतो. आठवड्याला दोन दिवस सुटी, वर्षाला पाच आठवडे पगारी रजा. चार महिने काम केलंत तरी त्या हिशेबानं रजा साठते, आणि ती घेता आली नाही तर शेवटी तिचे पैसे मिळतात.

तासांकडे बघा. साधारण हॉटेलाला आठवड्याचे ४२ तास, हंगामी हॉटेलाला साडेत्रेचाळीस, अगदी छोट्या आस्थापनेला ४५. करारात यांपैकी कुठला आकडा आहे आणि का, हे विचारा. कामाच्या तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम आहे, पण तुम्हीही रोज रात्री वहीत लिहा : किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो, मध्ये किती सुटी. मार्चमध्ये जादा तासांचा हिशेब निघतो तेव्हा ही वही वकिलासारखी बोलते.

मग कराराची शेवटची तारीख. 'हंगाम संपेपर्यंत' असं मोघम लिहिलेलं असेल तर तारीख घालून मागा. ईस्टर सरकत असतो, २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, आणि ईस्टर लवकर आला की काही हॉटेलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच कुलूप लावतात. ठराविक मुदतीचा करार मध्येच मोडता येतो का आणि किती दिवसांच्या नोटिशीनं, हे कलम दोन्ही बाजूंनी वाचा. ते तुम्हालाही बांधतं.

टिपबद्दलही विचारा. १९७४ पासून तिथं सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. तरी पाहुणे वरची रक्कम ठेवतात, आणि ती फक्त वाढप्यांत वाटली जाते की भांडीवाल्यांपर्यंत पोचते, हे प्रत्येक हॉटेलात वेगळं.

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. १९३४ ते २००२ या काळात परदेशी हंगामी कामगारांसाठी वेगळा कायदा होता. वर्षाला जास्तीत जास्त नऊ महिने राहायचं, मालक बदलायचा नाही, बायकोमुलांना आणायचं नाही. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज मजुरांनी आपली मुलं बंद खोल्यांत लपवून वाढवली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. डोंगरातली हॉटेलं, बोगदे आणि धरणं त्या माणसांनी उभी केली. झेरमाटमधले वयस्क पोर्तुगीज सहकारी कधी मोकळेपणानं बोलले तर ऐकून घ्या.

हातात किती पडतात

३,७०० फ्रँकमधून वृद्धापकाळ-अपंगत्व विम्याचे ५.३ टक्के आणि बेरोजगारी विम्याचा १.१ टक्का जातो. त्यावर अपघात विमा, आजारपणातल्या पगाराचा विमा, करार तीन महिन्यांहून मोठा असेल तर पेन्शन, आणि मुळातून कापला जाणारा कर. माझ्या हिशेबानं एकट्या माणसाच्या हातात ३,००० ते ३,१०० उरतात. त्यातून आरोग्य विमा आणि खोली.

खोली आणि जेवण मालकाकडून असेल तर सरकारी दरपत्रक आहे : खोलीचे महिन्याला ३४५ आणि तिन्ही वेळच्या जेवणाचे ६४५ फ्रँक, मिळून ९९०. झेरमाटसारख्या ठिकाणी खोलीचा आकडा याहून बराच जास्त असू शकतो, म्हणून तो करारात लिहिलेला हवा. जेवणाबाबत माझा सल्ला : सुटीच्या दिवशीच्या जेवणाचे पैसे कापतात का, हे विचारा, आणि जे जेवत नाही त्याचे पैसे देऊ नका. शाकाहारी असाल तर स्टाफच्या जेवणात रोज पास्ता, चीज आणि बटाटा येईल, याची मनाची तयारी ठेवा.

काटकसरीनं राहिलात तर महिन्याला हजार ते दीड हजार फ्रँक बाजूला पडतात. एक फ्रँक शंभर रुपयांहून महाग आहे, त्यामुळे हिशेब करताना छान वाटतं. पण रोज संध्याकाळी बारमध्ये बसायला लागलात की एप्रिलमध्ये खिसा रिकामा. पाच फ्रँकची कॉफी आणि पंचवीस-तीस फ्रँकचं साधं जेवण ही तिथली रोजची किंमत आहे.

खोली : नोकरीइतकीच महत्त्वाची

खोलीशिवायची नोकरी झेरमाटला स्वीकारू नका. गावात मोकळी खोली जवळपास मिळत नाही, आणि मिळाली तर भाड्याचा आकडा ऐकून परत फिराल. होकार देण्याआधी मालकाला हे विचारा : खोली गावात की खालच्या टेश, रांडा या गावांकडे? एकट्याची की दोघांची? स्वयंपाकाची सोय? कपडे धुवायची पाळी? वायफाय?

खोली टेशला असेल तर रात्रीच्या शटलचं वेळापत्रक आणि आपली शिफ्ट जुळवून बघा. रात्री साडेअकराला सुटणाऱ्या बारवाल्याला हा प्रश्न रोज पडतो. रेल्वेच्या पासाचे पैसे कोण देणार, तेही तेव्हाच ठरवून घ्या.

खोलीत फोडणी देऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. क्वार्टरमधले धुराचे सेन्सर मोहरी-हिंगाच्या फोडणीनं वाजतात, ते थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतील तर बंब येतो, आणि बिल तुमच्या नावावर. सामायिक स्वयंपाकघर असेल तर पंखा चालू करून, खिडकी उघडून, कमी आचेवर करा. दुसरी गोष्ट, १,६०० मीटरवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मुगाची किंवा मसूर डाळ ठेवा. छोटा कुकर घेऊन आलात तर सोन्याहून पिवळं.

सामान बांधताना तूप, पेढे, खवा, पनीर ठेवू नका. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, लसणाची कोरडी चटणी, पोहे खुशाल न्या. कामासाठी काळी, न घसरणारी, पुढून बंद बूटजोडी, दोन काळ्या पँट आणि आतून घालायचे थर्मल. गावातल्या रस्त्यांवर जानेवारीत काचेसारखा बर्फ जमतो, म्हणून बुटाला ताणून बसवायचे खिळे तिथंच विकत घ्या. आणि सनस्क्रीन. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं सावळी कातडीही भाजते.

पहिला आठवडा : या क्रमानं

काम तीन महिन्यांहून जास्त असेल तर पोचल्यावर चौदा दिवसांत, आणि कामाला लागण्याआधी, गेमाइंडमध्ये म्हणजे तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवा. पासपोर्ट, करार, फोटो आणि पत्ता लागतो. त्यावर एल परवाना, म्हणजे अल्पमुदतीचा राहण्याचा परवाना, मिळतो. तीन महिन्यांच्या आतलं काम असेल तर परवाना लागत नाही, मालक ऑनलाइन सूचना देतो. ती दिली आहे ना, हे त्याला विचारून घ्या.

मग बँक खातं. पोस्टफायनान्स, राइफाइसन किंवा कॅंटनची बँक, जी गावात असेल ती. पैसे घरी पाठवायला बँकेपेक्षा वाइझसारख्या सेवा स्वस्त पडतात.

मग आरोग्य विमा, आणि हा अजिबात टाळू नका. तो सक्तीचा आहे. तीन महिन्यांची मुदत असते, पण हप्ता आल्याच्या दिवसापासून मागे जाऊन लागतो, त्यामुळे थांबण्यात काही फायदा नाही. पंचविशीच्या पुढच्या माणसाला महिन्याला तीनशे-चारशे फ्रँकचा हप्ता सहज बसतो. तो कमी करायचे दोन प्रामाणिक मार्ग. पहिला म्हणजे स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेची वार्षिक मर्यादा ३०० ऐवजी २,५०० निवडायची. तरुण आणि धडधाकट असाल आणि तेवढी रक्कम गाठीशी असेल तरच. दुसरा मार्ग फारच कमी लोकांना ठाऊक असतो. आठवड्याला किमान आठ तास काम करणाऱ्याला मालकाच्या अपघात विम्यातूनच कामाबाहेरच्या अपघातांचंही संरक्षण मिळतं. त्यात स्की करताना मोडलेला पायसुद्धा आला. मग आरोग्य विम्यातून अपघाताचा भाग वगळून मागा. हप्ता कमी होतो, आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जात नाहीत.

वैयक्तिक दायित्व विमाही घ्या. वर्षाला शंभर फ्रँकच्या आसपास. उतारावर तुमची धडक बसून दुसऱ्याचा गुडघा गेला तर तोच वाचवतो.

कामाचा दिवस

हॉटेलच्या कामाचा दिवस दोन तुकड्यांत मोडलेला असतो. सकाळी दहा-साडेदहा ते दुपारी अडीच, पुन्हा संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा-अकरा. मधल्या सुटीला जर्मन भागात त्सिमरश्टुंड म्हणतात. लोक तिचा कंटाळा करतात, पण तीच तुमची स्कीची वेळ. हिवाळ्यात लिफ्ट साडेतीन-चारच्या सुमारास बंद होतात, म्हणून ती वेळ वाया घालवू नका. झेरमाटला सुनेगाची बोगद्यातली ट्रेन गावातूनच निघते आणि काही मिनिटांत २,२८८ मीटरवर सोडते. कपडे आधीच घालून, बूट तिथल्या लॉकरमध्ये ठेवून गेलात तर दोन-तीन फेऱ्या होतात. गोर्नरग्राटची १८९८ पासून चालणारी गाडी सुंदर आहे, पण वर पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. ती सुटीच्या दिवसासाठी ठेवा.

हाउसकीपिंगला सकाळचं सलग काम आणि दुपारनंतर मोकळं, म्हणून स्कीच्या दृष्टीनं ते सर्वांत चांगलं. अंगाला मात्र सर्वांत जड. शॅले आणि अपार्टमेंटमध्ये शनिवार म्हणजे पाहुणे बदलायचा दिवस. सगळे एकदम जातात, सगळे एकदम येतात, आणि मधल्या पाच-सहा तासांत चादरी, बाथरूम, ओव्हन, कचरा सगळं लख्ख व्हायला हवं. शनिवारी दुसरं काही ठरवू नका.

भांड्यांच्या विभागात वालिसमध्ये फोंड्यूची, म्हणजे वितळलेल्या चीजच्या पदार्थाची, भांडी हा स्वतंत्र विषय आहे. मातीच्या किंवा बिडाच्या जाड भांड्यात चीज तळाशी लागून त्याची खरवड होते. नवा माणूस गरम पाणी ओततो, चीज तारेसारखं लांबतं, ब्रशला गुंडाळतं आणि सिंकच्या जाळीत अडकतं. आधी गार पाण्यात भिजवायचं. खरवड आपोआप सुटून येते, मग गरम पाणी. हे पहिल्या रात्री केलंत की शेफचं लक्ष तुमच्याकडे वळतं.

२० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ निभावला तर पुढचा हंगाम निभावतो. त्या पंधरवड्यात सुटी मिळायची नाही, त्या सुट्या जानेवारीच्या संथ आठवड्यांत भरून देतात. वहीतली नोंद इथं कामाला येते. मग फेब्रुवारीत शाळांच्या सुट्यांची दुसरी लाट, नंतर ईस्टर. जानेवारीत एकटेपणा येतो, त्याला घाबरू नका. सूर्य दुपारीच डोंगरामागे जातो, नाताळची गडबड संपलेली असते, घरी फोन लावला तर तिथं रात्र झालेली असते. त्या आठवड्यांत मुद्दाम बाहेर पडा, सहकाऱ्यांबरोबर जेवा, खोलीत बसून राहू नका.

पगारावरून किंवा तासांवरून बिनसलं तर आधी लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं तर उनिया ही कामगार संघटना किंवा हॉटेल अँड गास्ट्रो युनियन मदत करते. उनियात पोर्तुगीज बोलणारे लोकही असतात.

स्की आणि सुरक्षितता

पहिल्यांदाच स्की लावणार असाल तर दोन-तीन दिवसांची शिकवणी घ्या, मित्रानं 'मी शिकवतो' म्हटलं तरी. बूट आणि स्की पूर्ण हंगामासाठी भाड्यानं घ्या किंवा जुन्या सामानाचा बाजार भरतो तिथून घ्या. पास मालकाकडून सवलतीत मिळतो का, हे करारावेळीच विचारायचं.

निळे, लाल आणि काळे खांब म्हणजे तयार केलेले, राखलेले उतार. पिवळे खांब म्हणजे हिमस्खलनापासून सुरक्षित केलेला पण मशीननं न सारखा केलेला मार्ग. खांबांच्या पलीकडे तुमची तुम्हीच काळजी घ्यायची. दावोसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला येतं, 'व्हाइट रिस्क' अॅपवर वाचता येतं. धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत, आणि जास्त मृत्यू चौथ्या-पाचव्या पायरीवर होत नाहीत, तिसरीवर होतात. तिसरी लोकांना चालण्यासारखी वाटते. बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं शोधयंत्र, फावडं, सळई आणि ती वापरायचं प्रशिक्षण यांशिवाय खांबांबाहेर जाऊ नका. बेदरकारपणा ठरला तर अपघात विम्याची भरपाईही कापली जाते.

रात्री उतारावर जाऊ नका, चंद्रप्रकाश कितीही सुंदर असो. बर्फ सारखा करणारी यंत्रं तीव्र चढावर पोलादी दोरानं वर बांधलेली असतात. तो शेकडो मीटर लांब दोर अंधारात दिसत नाही आणि क्षणात ताणला जातो. रात्री बारमधून स्कीवर घरी निघालेल्यांचे जीव त्यानं गेले आहेत.

त्सिमरश्टुंडमध्ये डोंगरापलीकडे इटलीतल्या चेर्विनिया गावाकडे उतरायचा मोह टाळा. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात, मग रस्त्यानं डोंगराला मोठा वळसा घालून यावं लागतं, टॅक्सीचं बिल शेकड्यांत आणि संध्याकाळची शिफ्ट चुकलेली. बर्फ फार पडला तर झेरमाटचाच रस्ता आणि रेल्वे तुटते. जानेवारी २०१८ मध्ये जवळपास तेरा हजार पर्यटक अडकले होते. औषधं आणि थोडं कोरडं अन्न खोलीत ठेवावं ते म्हणून.

वालिसमध्ये जखमी माणसासाठी १४४ फिरवा, हेलिकॉप्टरही तिथूनच सुटतं. इतर बहुतेक कॅंटनांत रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४.

निघताना

शेवटच्या पंधरवड्यात मन घरी पोचलेलं असतं, आणि पैसे नेमके तेव्हाच सुटतात. वहीवरून जादा तास, न घेतलेल्या सुट्या, उरलेली रजा आणि तेरावा पगार यांचा हिशेब शेवटच्या पगारपत्रकाशी ताडून बघा. वार्षिक पगार दाखला मागा. कामाचं प्रमाणपत्र हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, ते निघायच्या आधी हातात घ्या, 'पोस्टानं पाठवतो' वर विसंबू नका. पोर्तुगालला किंवा दुसऱ्या युरोपीय देशात परतणार असाल तर बेरोजगारी विम्यातल्या महिन्यांची नोंद देणारा पीडी-यू१ फॉर्म मागवा. तिथं नोकरी शोधत असताना ते महिने मोजले जातात.

गेमाइंडमध्ये जाऊन नाव काढा आणि त्या दाखल्याची प्रत आरोग्य विमा कंपनीला पाठवा. हे न केल्यास हप्त्यांची बिलं तुमच्या मागे येत राहतात. बँक खातं मात्र शेवटचा पगार आणि तेरावा जमा झाल्याशिवाय बंद करू नका. खोलीची तपासणी मालकाच्या माणसासमोर करून घ्या आणि फोटो काढा.

पुढच्या हिवाळ्यात परत यायचं असेल तर निघण्याआधीच तसं सांगा. बहुतेक हॉटेलं उन्हाळ्यातच परतणाऱ्यांची नावं पक्की करतात, आणि दुसऱ्या वर्षी एकट्याची खोली मागता येते.